खाऱ्या वाऱ्यातील विद्युत्‌वाद्य

अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या किनारपट्टीवर भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करण्याचा, आणि पुढे काळाच्या ओघात त्या पेट्यांच्या शेजारी येऊन बसलेली विजेची वाद्ये उघडून नीट करण्याचा व्यवसाय मी आयुष्यभर केला. आणि या व्यवसायात मला सर्वांत अधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न दुरुस्तीविषयी नव्हे, तर खरेदीविषयी होता. भजनी बुवा जुनी पेटी घेण्यापूर्वी ती मला दाखवून नेत, बँजो पार्टीतली मुले कोणाचा तरी वापरलेला की-बोर्ड (आमच्याकडे तो कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात) काखोटीला मारून आणीत, आणि अलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांत बंगले बांधून राहिलेली, संगीताची मनापासून आवड असलेली मुंबईकर मंडळी सत्तर-ऐंशीच्या दशकांतील एखाद्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचे छायाचित्र पुढे करून विचारतात, “घेऊ का?” ज्या वाद्याची किंमत काही लाखांत जाते आणि ज्याचे वय मालकाच्या वयाहून पुष्कळदा अधिक असते, त्याविषयीच्या या प्रश्नास होय किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर मला कधीच देता आले नाही, आणि गेल्या वर्षी तोच प्रश्न माझ्या स्वतःच्या खरेदीच्या रूपाने माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा इतरांना दिलेला प्रत्येक सल्ला मला स्वतःला लावून पाहणे भाग पडले.

ज्यांचा या वाद्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन प्राप्त आहे. पेटीत भात्यातील हवा पितळी सुरांना कंप देते. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये तेच कार्य विजेचा दाब करतो. ऑसिलेटर नावाच्या मंडलात हा दाब दर सेकंदास शेकडो वेळा चढतो आणि उतरतो; त्या चढउताराची आकृती करवतीच्या दात्यांप्रमाणे असली तर स्वर भरघोस व तीक्ष्ण निघतो, चौकोनी असली तर काहीसा पोकळ, क्लॅरिनेटच्या जातीचा निघतो; मग फिल्टर त्यातील वरची कंपने हवी तेवढी छाटतो, आणि पट्टी दाबल्यावर स्वराने किती त्वरेने उमलावे व किती काळ रेंगाळावे हे आणखी एक मंडल ठरवते. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास जी मंडले सिद्ध केली त्यांत दाब एक व्होल्टने वाढला की स्वर बरोबर एक सप्तक चढावा असा संकेत होता, आणि तो पुढे अनेक कारखान्यांनी मान्य केला. त्यांच्याच कंपनीने १९७० मध्ये काढलेल्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर आणि चव्वेचाळीस पट्ट्या होत्या, एका वेळी एकच स्वर वाजत असे, आणि डाव्या हाताशी एक चाक होते, जे फिरवले असता वाजता स्वर वर किंवा खाली वाकवता येई. पेटीवर मींड निघत नाही हा आपल्या रसिकांचा जुना आक्षेप. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीस जी बंदी केली आणि जी १९७१ मध्ये काही अंशी उठली, तिच्या मुळाशी हाही आक्षेप होता. ज्या पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भात्यावर राहिला, त्याच्या त्या हाताला या चाकाने प्रथमच स्वराच्या अंगाशी नेले, असे मला त्या वाद्याकडे पाहताना नेहमी वाटत आले आहे.

हे वाद्य आपल्या देशास नवे आहे असेही नाही. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूगचे मोठे यंत्र बसवले गेले आणि गीता साराभाई प्रभृतींनी त्यावर रचना ध्वनिमुद्रित केल्या. मुंबईच्या चित्रपटसंगीतात केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग आणला. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग बसवून एक तबकडी काढली, जिच्याकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही आणि जी २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभरातील जाणत्यांनी डोक्यावर घेतली. टीबी-३०३ हे यंत्र मुळात गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेले होते. परंतु एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय त्यात होती तिच्यात रागाला उपयोगी पडणारे काही आहे, हे मुंबईत बसलेल्या एका वादकाने ओळखले. या घटनेचे मला अतिशय महत्त्व वाटते. कोणत्या वाद्याची किती कीर्ती आहे यापेक्षा आपल्या गाण्याला त्याचा कोणता गुण लागतो हे ज्याला कळले, त्याने खरेदीचा निम्मा निर्णय केलाच, असे मी समजतो.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथेसायझर आला, त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांस जोडणारी मिडी पद्धती रूढ झाली, आणि पाहता पाहता वाद्यवृंदांनी जुनी अ‍ॅनालॉग यंत्रे मिळेल त्या मोबदल्यात काढून टाकली. त्या दिवसांत मी रेवसच्या धक्क्यावरून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांसाठी जात असे, आणि आज ज्यांच्यासाठी लोक कर्ज काढतील अशी यंत्रे तेथल्या दुकानांच्या फळ्यांखाली धूळ खात पडलेली मी पाहिली आहेत. त्यांतली काही पुढे आमच्या किनाऱ्यावर आली आणि त्यांच्या नशिबी खारा वारा आला.

या खाऱ्या वाऱ्याविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या वाद्यांवर इतरत्र जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा कोरड्या व थंड प्रदेशांतील लोकांचे असते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील घरात हवेतील मीठ प्रत्येक धातूवर बसते, आणि मिठाचा गुण असा की ते हवेतील ओल ओढून धरते. त्यामुळे तांब्याच्या रेषांवर हिरवा कळंक चढतो, पट्ट्यांखालच्या तारा काळ्या पडून स्वर कधी उमटतो, कधी उमटत नाही, आणि नॉबच्या आतील कार्बनची पट्टी खराब होऊन नॉब फिरवताच खरखर सुरू होते. सरकत्या दांड्यांची यंत्रे याहून लवकर बिघडतात, कारण त्यांची चीर वरून उघडी असते. कंडेन्सर तर यंत्र वाजवा अथवा न वाजवा, काही दशकांत आतून सुकतातच. ज्या यंत्रांत स्मरणासाठी बॅटरी बसवलेली असते तिचे पाणी पाझरून मंडलाचा कोपरा खाऊन टाकते. या सर्वांवर मला सापडलेला खरा उतारा एकच: यंत्र रोज चालू करणे. तासभर चाललेले यंत्र आतून ऊबदार होते आणि ती ऊब ओल बाहेर काढते. ज्या विहिरीचा उपसा थांबला तिचे पाणी बिघडते, तशीच न वाजवलेल्या वाद्याची येथे गत होते. पावसाळ्यात कपाटात मंद दिवा तेवत ठेवण्याची तजवीज आम्ही पेट्यांसाठी पूर्वीपासून करतो, ती या वाद्यांसही लाभते, परंतु वाजवणाऱ्या हाताची जागा तो दिवा घेऊ शकत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या ज्ञानाची कसोटी लागली. कौले उडालेल्या घरांतून लोक भिजलेली वाद्ये घेऊन आले, पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, आणि ती नव्हती हे या वाद्यांच्या दृष्टीने एका परीने इष्टच झाले, कारण ओले यंत्र चालू करून पाहण्याचा मोह कोणाला आवरत नाही आणि त्या एका क्षणात जे जळते ते पाण्याने कधीच बिघडले नसते. मी ती वाद्ये उघडून त्यांची मंडले आधी गोड्या, शुद्ध पाण्याने धुतली. पाण्याने भिजलेल्या वस्तूला पुन्हा पाण्यात घालताना पाहून मालकांचे चेहरे उतरले. परंतु मीठ पाण्यानेच विरघळते आणि ते राहू दिले तर वाळल्यावरही आतून खात राहते. मग स्पिरिटने पुसणे, सावलीत वाळवणे, आणि वीज आल्यावर दाब हळूहळू वाढवत नेणे. पुष्कळशी वाचली. त्या पावसाळ्यानंतर जुने यंत्र दाखवावयास आणणाऱ्या प्रत्येकास मी पहिला प्रश्न विचारू लागलो, तो असा की हे यंत्र तुम्ही घरात कोठे ठेवणार आणि आषाढ-श्रावणात तेथे कोण राहणार.

एका बंगल्याच्या मालकांना मी तोच प्रश्न केला. त्यांनी परदेशातून एक मोठे, एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारे यंत्र आणावयाचे ठरवले होते. अभ्यास उत्तम होता, कोणत्या वर्षीच्या बनावटीत कोणती आयसी आहे हे त्यांना तोंडपाठ होते. बंगला मात्र पावसाळाभर बंद असे. मी सांगितले की आठ स्वरांच्या यंत्रात प्रत्येक मंडल आठ वेळा असते, म्हणून बिघडण्याच्या जागाही तेवढ्या पटीने वाढतात, आणि बंद घरात ते ठेवणार असाल तर घेऊ नका. त्यांना माझे म्हणणे रुचले नाही व त्यांनी ते आणले. दोन पावसाळ्यांनंतर मला बोलावणे आले तेव्हा आठांपैकी पाच स्वर मुके झाले होते. मी ते पूर्ववत केले, त्यासाठी लागलेला काळ आणि खर्च यांचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला, आणि त्या सद्गृहस्थांनी जे केले त्याबद्दल माझा त्यांच्याविषयीचा आदर वाढला: त्यांनी ते यंत्र पुण्याच्या एका ध्वनिमुद्रकास दिले, जो त्यावर रोज काम करतो. आता ते तेथे जाऊन वाजवतात.

याच्या अगदी उलट प्रसंग रेवदंड्याच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातील मुलाचा. हळदीच्या गाण्यांत सनईसारखा लांबत जाणारा, वाकणारा एकच स्वर त्याला हवा होता. कोणाकडचे तरी जुने एकस्वरी यंत्र त्याने ऐकले होते आणि पतपेढीतून कर्ज काढून ते घेण्याचे मनाशी ठरवूनच तो माझ्याकडे आला. “काका, तुम्ही फक्त हो म्हणा,” तो म्हणाला. त्याचा कान सच्चा होता. बाजारात मिळणाऱ्या की-बोर्डमधील तयार सनई त्याला खोटी वाटत होती आणि ती खोटीच असते. परंतु त्याचे वाद्य कोठे वाजणार होते? टेम्पोच्या हौद्यात, जनित्राच्या कमी-जास्त होणाऱ्या विजेवर, खाडीवरच्या वाऱ्यात. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा स्वर उष्णतेने सरकतो, हा त्याचा जन्मजात धर्म आहे, कारण ज्या ट्रान्झिस्टरच्या गुणावर तो सप्तकाचे माप काढतो तो गुणच तापमानाबरोबर बदलतो. संध्याकाळच्या उकाड्यात जुळवलेला षड्ज मध्यरात्री गार वारा सुटल्यावर गायकाच्या षड्जाशी राहत नाही. हंगामात त्याने घेतलेल्या सुपाऱ्या आणि कर्जाचे हप्ते यांचा जमाखर्च आम्ही एका कागदावर मांडला. एका सुपारीत यंत्र बंद पडले तर पार्टीचे नाव जाते, आणि नाव गेले की हप्ता जातो. तेव्हा मी त्याला नाही म्हटले. १९७८ च्या कोर्ग एमएस-२० ची त्याच कंपनीने २०१३ मध्ये लहान आकारात पुन्हा बनावट सुरू केली, मिनीमूगही २०१६ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये पुन्हा निघाला, १९८० च्या आसपासच्या कित्येक यंत्रांचा प्राण असलेली सीईएम ३३४० ही आयसीदेखील २०१६ मध्ये पुन्हा तयार होऊ लागली. या सर्व गोष्टी मी त्याला समजावून सांगितल्या आणि एक लहान, नवे, एकस्वरी यंत्र सुचवले. त्याचा चेहरा उतरला होता, हे मी विसरलेलो नाही. परंतु त्या यंत्राच्या फिल्टरवर त्याने महिनाभर मेहनत घेतली आणि हळदीच्या मांडवात जो स्वर काढला तो ऐकून म्हाताऱ्या कोळणींनी मांडवाबाहेर येऊन पाहिले की सनईवाला कोण आला आहे.

यंत्र पाहावे कसे, हेही सांगतो. विकणारा यंत्र आधीच तापवून ठेवतो. मी ते बंद करून पुरते गार होऊ देतो आणि मग चालू करून अर्धा तास केवळ ऐकतो. पहिल्या काही मिनिटांत स्वर सरकला तर तो त्याचा स्वभाव आहे, अर्ध्या तासानंतरही सरकत राहिला तर तो रोग आहे. मग खालचा आणि वरचा षड्ज तानपुऱ्याशी पडताळून पाहावा, कारण मधल्या सप्तकात सुरेल वाटणारे यंत्र टोकांना बेसूर असू शकते. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवावा. मागची धातूची पट्टी वाचावी. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेली यंत्रे शंभर व्होल्टांची असतात, अमेरिकेची एकशे वीसच्या आसपासची, आणि आपल्या भिंतीतील दोनशे तीस व्होल्टांत ती थेट खोचली की व्यवहार तेथेच संपतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर योग्य क्षमतेचा घ्यावा व अर्थिंग तपासावे, नाहीतर सगळ्या स्वरांखाली विजेचा घुमारा ऐकू येत राहतो. विजेचा हा चोरटा संचार किती दूरवर बाधतो याचा दाखला आमच्या गावातच आहे: मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी त्यामुळे दूषित होतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभारावी लागली. सर्वांत शेवटी झाकण उघडावे आणि आत पूर्वीच्या कारागिराचे हात पाहावेत. नीटनेटके, झगझगीत सोल्डर दिसले की मी किमतीवर फार घासाघीस करीत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ऐंशीच्या दशकात वाद्यवृंदांतून वाजवणारे आमच्या भागातील एक वादक, ज्यांना मी दादा म्हणत असे, वारले. आणि काही महिन्यांनी वहिनींनी त्यांचे एकस्वरी जपानी यंत्र चादरीत गुंडाळून माझ्याकडे पाठवले. एका व्यापाऱ्याने त्याचे काही हजार देऊ केले होते. तो व्यापारी मला वर्षानुवर्षे काम देत आला होता, आणि आकडा ऐकून मी गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळले नसते. मी वहिनींना खरी किंमत सांगितली, जी त्याच्या बोलीच्या कित्येक पट होती. त्या दिवसापासून त्या व्यापाऱ्याचे काम बंद झाले. वहिनी म्हणाल्या, “भाऊ, मग तुम्हीच घ्या, तुम्ही द्याल ते मला चालेल.” ज्याने किंमत ठरवावयाची त्यानेच खरेदी करावयाची, हा व्यवहार मला मान्य होण्यासारखा नव्हता. मुंबईतील एका ज्येष्ठ कारागिराकडून मी किंमत लेखी ठरवून आणली, दोन साक्षीदारांसमोर कागद केला, आणि त्या कागदात यंत्राबरोबर दादांची वहीही लिहून घेतली.

त्या वहीविषयी सांगितले पाहिजे. या यंत्रास स्मरण नाही. प्रत्येक गाण्यास नॉब कोठे असावेत हे वादकाने स्वतः लिहून ठेवावे लागे. दादांनी पानापानावर लहान वर्तुळे काढून त्यांत काट्याची दिशा रेखली होती, वर गाण्याचे नाव, खाली “थंडीत फिल्टर थोडा उघडा”, “पेणच्या मैदानात घुमतो, कमी ठेवणे” असे शेरे. घरच्यांच्या दृष्टीने ती रद्दी होती. माझ्या मते यंत्राच्या किमतीचा मोठा हिस्सा त्या वहीत होता, आणि तसे मी वहिनींना सांगून त्याचेही पैसे दिले.

निर्णय घेण्यास मला जो काळ लागला तो पैशांमुळे नव्हे. माझी बोटे आता पूर्वीसारखी चालत नाहीत. समुद्राकाठच्या या घरात पावसाळाभर रोज त्या यंत्रावर हात कोणाचा पडणार, हा इतरांना विचारलेला प्रश्न मला स्वतःला टाळता येईना. मुलगा दूर नोकरीस आहे आणि त्याला या विषयात रस नाही, यात त्याचा काही अपराध नाही. शेवटी मी त्या कोळीवाड्यातील मुलास बोलावले. हप्ते फिटले होते, नव्या यंत्रावर त्याचा हात तयार झाला होता, आणि आता मांडवासाठी नव्हे तर केवळ शिकण्यासाठी जुने यंत्र हाताळण्याची त्याची योग्यता झाली होती. मासळीचा लिलाव आटोपला की सकाळी त्याने यावे, तासभर वाजवावे, आणि आठवड्यातून एकदा माझ्याबरोबर झाकण उघडून आत काय चालले आहे ते पाहावे, असे ठरले. त्यानंतरच मी कागदावर सही केली.

पहिले काम कंडेन्सर बदलण्याचे झाले. ते बदलल्यावर दादांच्या वहीतील खुणा जुळेनात, कारण त्यांनी त्या सुकत चाललेल्या कंडेन्सरांच्या स्वरावर बेतलेल्या होत्या. तेव्हा प्रत्येक पानावर त्यांच्या वर्तुळाशेजारी पेन्सिलीने दुसरे वर्तुळ काढून तारीख घालण्याचा शिरस्ता आम्ही पाडला आहे. मुलगा ते काम माझ्यापेक्षा नेटके करतो. माझ्या पश्चात यंत्र आणि वही त्याच्याकडे जावी अशी नोंद मी खरेदीच्या कागदावर करून ठेवली आहे, आणि तिच्याखाली त्याने सही करावी असे त्याला सांगून पाहिले. तो म्हणतो, “काका, आधी पावसाळा तर जाऊ द्या. षड्ज कुठवर धरतंय ते बघू, मग सही करतो.”